मोहिनीभाभींचा नवरा मी मारला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरातही नाही. मला गोष्ट रंगवून सांगता येते. ही पोरगी दगडालाही पाझर फोडेल, असं आई म्हणायची. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता!

फाळणीनंतरची वर्षं. आम्ही अंबरनाथजवळ मोरिवलीत राहायचो. मोहिनीभाभी सिंधमधून आलेल्या, जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत गोणपाटाच्या आडोशामागे दोन मुलींना घेऊन राहायच्या. येताना गर्दीत त्यांचा नवरा चुकला होता. जिवंत होता की नाही — काहीच कळत नव्हतं. भाभी पापड लाटायच्या, मी ते अंबरनाथ-बदलापुरात दारोदार विकायचे. पण मिऱ्याचे ते झणझणीत पापड आमच्या बायकांना कुठले आवडायला?

मग मी गोष्ट सांगायला लागले. आधी एवढंच — बिचारीचा नवरा गेला हो. पापड खपले. पुढच्या दारात तो फलाटावर कोसळला. त्याच्या पुढच्या दारात त्याने मरताना खिशातून निळा रुमाल काढला, "माझ्या मोहिनीला द्या" म्हणाला. चामटोली गावची एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अगो बाय, मंग?" — आणि मी पुढचंही सांगितलं. खोटं बोलतेय असं वाटायचंच नाही. मीसुद्धा रडायचे ना!

"तू क्या बोलती गं घर-घर जाके?" भाभी हसून विचारायच्या. मी म्हणायचे, तुमचे पापडच चांगले आहेत.

कॅम्पात तेव्हा जो तो चुकल्यामाकल्यांची खबर विचारत फिरायचा, आणि ऐकलेली खबर ज्याची त्याला पोचवणं हे पुण्य मानायचा. हे मला माहीत नव्हतं का? होतं. एका दुपारी एक भले गृहस्थ भाभींना शोधत आले. बदलापुरात ऐकलं म्हणाले. हात जोडून त्यांनी फलाट सांगितला, निळा रुमाल सांगितला. मी तिथेच टोपली भरत बसले होते. एक शब्द पुरला असता — नाही बोलले. भाभींनी बांगड्या उतरवल्या, पांढरी ओढणी घेतली. मुली माझ्या मांडीवर रडून रडून झोपल्या.

त्यानंतर मी गोष्ट सोडली. तळलेल्या पापडाचा तुकडा हातावर ठेवून नुसतं "खाऊन बघा" म्हणायचे. हळूहळू बायकांना चव लागली, मागून घेऊ लागल्या. म्हणजे गोष्टीची गरजच नव्हती.

आणि होळीच्या सुमाराला भाभींचा नवरा आला. आपल्या पायांनी चालत! दूरच्या कुठल्याशा छावणीत आजारी पडून होता. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. भाभींनी गोड भात करून साऱ्या बराकीत वाटला. मी चाचरत विचारलं, ती खबर आणणाऱ्याचा राग नाही येत?

"उसका क्या कसूर? जो सुना, वो बताया," भाभी म्हणाल्या. "पहला घास तू ले. बुरे दिन में तूच माझ्याजवळ होती."

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं. त्यांनी घास भरवला. भात छान झाला होता — मी आणखी मागून घेतला.