एकतीस गोड पत्रं

ती मुलगी ऑगस्टच्या मध्यात माझ्या वर्गात आली, तेव्हा आम्ही शिल्डच्या शर्यतीत दोन गुणांनी मागे होतो. मला आधी हे आठवतं आणि तिचा चेहरा नंतर, म्हणून लिहितेही त्याच क्रमाने.

शाळा बंगळूरच्या सर्जापूर रोडच्या एका आडवाटेवर. नवऱ्याची नोकरी महादेवपुऱ्याला लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो, आणि वर्षभर घरात बसून कंटाळल्यावर मी इथे सायन्स शिकवायला लागले. त्या वर्षी सातवी ब माझ्याकडे होती. मुलं बहुतेक आयटीवाल्यांची, सगळ्या राज्यांतली. वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी.

त्या उन्हाळ्यात आमच्या प्रिन्सिपल कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि शाळा ‘आनंदी’ करायचं ठरलं. प्रत्येक वर्गाच्या दारात एक फळा आला. त्यावर एक पिवळा हसरा चेहरा, एक निळा उदास चेहरा. मुलांनी सकाळी आत येताना आपल्या नावाची क्लिप ज्या चेहऱ्यावर वाटेल तिथे लावायची. पिवळ्या क्लिपा जास्त तर वर्गाला गुण. भांडण झालं, तक्रार आली, कोणी रडलं, तर गुण वजा. आठवड्याला एक मूल निवडून बाकीच्यांनी त्याला कौतुकाचं पत्र लिहायचं, त्याचेही पत्रामागे गुण. महिन्याअखेर ज्या वर्गाचे गुण जास्त त्याला शिल्ड.

मला हे सगळं मनापासून आवडलं होतं. मी ज्या शाळेत शिकले तिथे बाई हाताच्या पेरांवर पट्टीची कड मारायच्या. आपण त्याच्या अगदी उलट काहीतरी करतोय, असं मला वाटायचं.

ती मुलगी नागपूरची. वडील मार्चमध्ये वारले होते. आईने बदली मागून घेतली आणि दोघी इथे आल्या. ॲडमिशनच्या कागदावर हे दोन ओळींत लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं. पहिल्या दिवशी मी तिच्याशी मराठीत बोलले तर तिचा चेहरा एकदम उजळला. ‘मॅडम, तुम्ही मराठी आहात?’ म्हणाली, आणि तास संपला तरी माझ्या टेबलापासून हलेना.

ती रडायची. हुंदके नाहीत, आवाज नाही. फळ्यावरची आकृती वहीत उतरवत असायची आणि डोळ्यांतून पाणी गळत असायचं, वहीवर पडायचं, शाई फुटायची. ती बाहीने पुसून पुढे लिहायची. दिवसातून एकदा तरी व्हायचंच. आणि सकाळी ती आपली क्लिप निळ्या चेहऱ्यावर लावायची. रोज. प्रामाणिकपणे.

वडिलांचं कळल्यामुळे पहिला आठवडा मुलांनी तिला सांभाळून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात गुण जाहीर झाले आणि आम्ही तिसऱ्या नंबरावर घसरलो. मॉनिटर मुलीने मधल्या सुट्टीत हिशेब मांडला आणि मला आणून दाखवला. त्यात आमचे किती गुण कोणामुळे गेले ते होतं. जवळजवळ सगळे एकीमुळेच.

‘असं नावं लिहून ठेवायचं नसतं,’ मी म्हटलं. पण कागद फाडला नाही. नीट वाचला आणि परत दिला.

त्यानंतर मुलं तिची क्लिप गुपचूप पिवळ्यावर सरकवायला लागली. मी दोनदा पाहिलं. एकदा तर सरकवणाऱ्या मुलाची आणि माझी नजरानजर झाली, आणि मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं.

मग मी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. आवाज गोडच होता माझा, तेवढं आठवतं.

‘हे बघ बाळा, तुझ्यामुळे सगळ्या वर्गाला त्रास होतोय. किती दिवस असं रडत बसणार?’

‘मॅडम, मी रडून नाही राहिली. पाणी आपोआप येते.’

‘रडत नाहीये, असं म्हणायचं,’ मी म्हटलं. ‘रडून नाही राहिली, हे शुद्ध नाही.’

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘रडत नाहीये,’ ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली.

सप्टेंबरात संस्थेचे लोक आनंदी वर्ग पाहायला येणार होते. सकाळी मी तिला म्हटलं, आज पहिले दोन तास तू बाहेर अक्कांजवळ बस, तुला बरं वाटेल. अक्का म्हणजे आमच्या मजल्यावरच्या आया, इथल्याच, हिंदी मोडकंतोडकं बोलणाऱ्या. पाण्याच्या फिल्टरजवळ त्यांचं स्टूल असायचं आणि शेजारी हरवलेल्या वस्तूंचा मोठा खोका. पाहुणे येऊन गेले, वर्गाने एका सुरात गाणं म्हटलं, सगळे खूश झाले. नंतर मी बाहेर आले तर मुलगी जमिनीवर बसून खोक्यातले डबे आणि बाटल्या लावत होती. डब्यांना झाकणं जुळवत होती. अक्का शेजारी बसून एकेक बाटली तिच्या हातात देत होत्या. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि अक्का त्याबद्दल काहीही करत नव्हत्या. गप्प करत नव्हत्या, पुसत नव्हत्या, विचारत नव्हत्या.

‘आता हिला वर्गात पाठवा,’ मी म्हटलं.

‘थोडा बैठने दो मिस,’ अक्का म्हणाल्या. ‘काम कर रही है ना.’

‘तास सुरू झालाय.’

‘सरी मिस,’ बरं अशा अर्थाने कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि तिच्या हातातली बाटली काढून घेतली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कौतुकाच्या पत्रांसाठी मी तिची निवड केली. यामागे माझा हेतू चांगला होता, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आले. तिला बरं वाटेल, मुलं जवळ येतील. पण त्यात दुसरंही होतं. एरवी निम्मी मुलंच लिहायची; या वेळी सगळ्यांना लिहायला लावून एकतीस पत्रं एकदम आली तर आम्ही पहिले येणार होतो.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांनी पत्रं लिहिली. इतका शांत वर्ग मी पाहिला नव्हता. स्केचपेनं, चमकी, कडेने फुलं. मुलं एकमेकांच्या कागदात डोकावत होती, गालात हसत होती. मॉनिटरने पत्रं गोळा करून माझ्या टेबलावर ठेवली. मला युनिट टेस्टचे पेपर तपासायचे होते. मी पत्रं मोजली. एकतीस. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात एकेक सोनेरी स्टार चिकटवला, कारण स्टार असलेली पत्रंच गुणांसाठी धरत. आणि गठ्ठा तिच्या हातात दिला.

‘वाच,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांनी तुझ्यासाठी लिहिलंय.’

तिने सगळी वाचली. एकेक उघडायची, वाचायची, होती तशी घडी घालायची, डावीकडे ठेवायची. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. पंधरावीस मिनिटं तरी लागली असतील. शेवटी तिने गठ्ठ्याला केसांचा रबर लावला आणि दप्तरात ठेवला. डोळे कोरडे होते. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदाच तिचा दिवस कोरडा गेला, आणि मी तशी नोंदही केली. फळ्याजवळ जाऊन तिची क्लिप मी स्वतःच्या हाताने पिवळ्या चेहऱ्यावर लावली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिची आई आली.

सडपातळ बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात प्लॅस्टिकची फाइल. प्रिन्सिपलच्या खोलीत आम्ही तिघी. त्यांनी फाइलमधून पत्रं काढून टेबलावर ठेवली. आधी त्या प्रिन्सिपलशी बोलल्याच नाहीत. मला मराठीत विचारलं, ‘तुम्ही हे वाचलं काय?’

‘कौतुकाची पत्रं आहेत ती,’ मी म्हटलं. ‘आमच्याकडे दर आठवड्याला...’

‘तुम्ही वाचलं काय, एवढंच विचारते.’

मी वरचं पत्र उचललं. इंग्रजीत, वळणदार अक्षरात, जांभळ्या फुलांच्या चौकटीत लिहिलं होतं: तू खूप छान आहेस. तुझं अक्षर छान आहे. प्लीज तू नागपूरला परत जा. दुसरं उचललं. तू खूप छान आहेस. तुझे केस लांब आहेत. प्लीज नागपूरला परत जा. तिसऱ्यात हसरा चेहरा काढलेला होता. मुलांनी ठरवून केलं होतं. पहिलं वाक्य सारखं, शेवटचं वाक्य सारखं, मधलं ज्याचं त्याचं. एकाने लिहिलं होतं, तुझ्या बाबांना तिथे एकटं वाटत असेल.

ते पत्र माझ्या हातात असताना त्या म्हणाल्या, ‘प्रत्येकावर तुमचा स्टार आहे.’

मी ते पत्र टेबलावर ठेवलं.

‘पोरगी मला म्हणते, मॅडमनी सगळे चेक केले आई. स्टार दिला. म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं असेल.’

प्रिन्सिपलना मराठी येत नव्हतं. त्यांनी पत्रं चाळली आणि इंग्रजीत म्हणाल्या की मुलं या वयात भावना मोकळेपणाने व्यक्त करतात, आपण याकडे शिकण्याची संधी म्हणून पाहू. काउन्सेलरची वेळही देऊ केली.

‘कोणासाठी?’ आईने विचारलं.

‘तुमच्या मुलीसाठी.’

आईने पत्रं एकेक करून फाइलमध्ये भरली. मला वाटलं, आता रागावतील. मी त्याची वाट बघत होते, खरं तर मला ते हवंच होतं. पण त्यांनी फक्त दाखला मागितला. दारापर्यंत गेल्यावर मला म्हणाल्या, ‘घरी येऊन पहिल्या दिवशी म्हणाली होती, आई, शाळेत एक मराठी मॅडम आहेत. त्या दिवशी पोटभर जेवली होती.’

आईची नोकरी इथेच होती, तरी दाखल्यावर कारण लिहिलं गेलं, कौटुंबिक स्थलांतर. ते वाक्य प्रिन्सिपलनी सुचवलं आणि मी लिहिलं. त्या महिन्याचं शिल्ड आम्हाला मिळालं. असेंब्लीत मी ते मुलांबरोबर उचललं. फोटोत मी हसते आहे.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात विषय काढला. बाकं गोल मांडली, दार लावलं, आणि सांगितलं की मी पत्रं वाचली आहेत. कोणी मान वर करेना. मी म्हटलं, तुम्ही एका मुलीला किती दुखावलंत याची कल्पना आहे का तुम्हाला? माझा आवाज कापत होता, आणि त्याचं मला जरा कौतुकही वाटत होतं. तेव्हा मॉनिटर मुलगी उभी राहिली. उद्धटपणे नाही, खरोखरच गोंधळून म्हणाली, ‘पण मॅम, तुम्हीच म्हणालात ना, तिच्यामुळे सगळ्या वर्गाला त्रास होतो. व्हरांड्यात. मला मराठी कळतं, माझी आजी बेळगावची आहे.’

मी तास लवकर सोडला.

एक मुलगा मागे थांबला. एरवी कधी तोंड न उघडणारा. म्हणाला, ‘मॅम, मी तसं नव्हतं लिहिलं.’ मला आठवलं, एका पत्रात नुसती सायकल काढलेली होती, अक्षर एकही नव्हतं. ‘सगळे म्हणाले तेच लिहायचं,’ तो म्हणाला. ‘मला दुसरं काय लिहायचं ते कळेना.’ त्या पत्रावरही मी इतरांसारखाच स्टार लावला होता.

मी राजीनामा दिला नाही. दिला असता तर गोष्ट बरी झाली असती, पण आम्ही नुकतंच एचएसआरला घर घेतलं होतं. मी फळा काढून टाकला. प्रिन्सिपलनी बोलावून झापलं, तरी फळा परत लावला नाही. तेव्हापासून माझा वर्ग शिल्डच्या यादीत शेवटी असतो. नवीन मूल आलं की पहिला महिना मी त्याला काहीही करायला लावत नाही, ओळख करून द्यायलासुद्धा नाही. मुलांनी एकमेकांना लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातातून जाणार असेल तर पूर्ण वाचते. रडणाऱ्या मुलाला हातात काहीतरी काम देते आणि शेजारी बसते. हे अक्कांकडून घेतलं, पण त्यांना कधी सांगितलं नाही. मागच्या वर्षी त्या काम सोडून गेल्या. आता पालक माझं कौतुक करतात. तुमच्या वर्गात मूल मोकळं होतं, म्हणतात. मी थँक यू म्हणते. कुठे शिकले ते सांगत नाही.

त्या मुलीच्या आईला मी मेसेज पाठवला होता. लांबलचक, माफीचा. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

गेल्या दिवाळीत, म्हणजे पाच-सहा वर्षांनी, इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला गेले होते. पंगत बसली होती, कॉलेजातली मुलं वाढत होती. पुऱ्यांची परात घेऊन आलेली मुलगी ती होती. उंच झाली होती, केस कापले होते. माझ्या पानाशी वाकली, दोन पुऱ्या वाढल्या.

‘ओळखलंस का मला?’ मी विचारलं.

‘हो मॅम. सेव्हन बी,’ ती इंग्रजीत म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. राग, दुखणं, काहीही. माफी मागायची तर समोर काहीतरी असावं लागतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मला अजून पुरी हवी आहे असं समजून.

‘आणखी?’

‘नको,’ मी म्हटलं.

शेजारच्या पानापाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे वळून तिने अस्सल नागपुरी मराठीत विचारलं, ‘आजोबा, तुम्ही काहीच खाऊन नाही राहिले, गरम आणू काय?’ आणि ते हसले.