माझ्या नावाचा लेअर

"मिल्या, तोंड सरळ कर माझं! कसला घाणेरडा इफेक्ट लावलायस? काढ तो आधी!"

हे मी ओरडत होतो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका लॉनवर, रिसेप्शनच्या ऐन रंगात, आणि माइक बंद केलाय अशा गोड समजुतीत. माइक चालू होता. पाच हजार पाहुण्यांनी (स्मृतिलेखात खोटं बोलू नये म्हणतात, तर पाचशे) हातातल्या प्लेटी तशाच धरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या वीस फुटी एलईडी पडद्याकडे. नवरी खुदकन हसली. मीही ओरडता ओरडताच मान वळवून पुन्हा पाहिलं. पडद्यावर माझाच चेहरा होता, पण तोंड एका बाजूला ओढलेलं, जणू कोणी गालात गळ अडकवून खेचतंय. लॉनच्या पार दुसऱ्या टोकाला, टेबलामागे, लॅपटॉपच्या निळ्या उजेडात मिलिंद बसलेला. माझ्या कानातल्या हेडफोनवर त्याचा आवाज आला, "बघतो." बस. मी म्हटलं, "पाच वर्षं बघतोयस! यापुढे तू असशील तिथे मी नसेन." मिलिंद डोंबिवली ते ठाणे या अख्ख्या प्रवासात एक वाक्य बोलायचा, आणि त्याचंही क्रियापद मुलुंडला यायचं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात, जिथे आमचे पडदे आणि पेटारे ठेवलेले असतात, तिथे तो एकेक पॅनेल पेटवून तपासत बसला होता. बसल्या जागी छातीत कळ आली आणि गेला. एकोणपन्नास वय. फोन करणारा सांगत होता की सगळी पॅनेलं पेटलेलीच होती, पांढरीफेक... मी काय केलं असेल? रडलो? नाही. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता हा माझ्यापाशी कधीच कबूल करणार नाही.

काय कबूल करायचं होतं, ते सांगतो. मी नंदू, निवेदक. लग्नं, हळद, सोसायट्यांचे वर्धापनदिन, ऑर्केस्ट्रा... ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे माइक उभा आहे, तिथे मी एकदा तरी त्याला हात लावलाय. आणि माझ्या मागचा पडदा गेली अठरा वर्षं मिलिंदचा. लोकांना वाटतं, पडद्यावर व्हिडिओ लावायचा म्हणजे काय, बटण दाबलं की झालं. मलाही तसंच वाटायचं. एकदा मानपाड्याला त्याच्या घरी जेवायला गेलेलो, तेव्हा त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तो लॅपटॉप इतका तापायचा, की त्याच्यावर पापड भाजलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. म्हणाला, "तुला एक चित्र दिसतं. इथे सात आहेत. एकावर एक. काचा समज." त्या काचांना तो लेअर म्हणायचा. सगळ्यात खालची काच म्हणजे मागचं दृश्य, ढग, दिवे, कारंजी, तेच ते फिरत राहणारं, त्याला लूप म्हणायचं. त्यावर लाइव्ह कॅमेरा, म्हणजे स्टेजवरचा जिवंत माणूस. त्यावर अक्षरांची काच, नवरानवरीची नावं, पाहुण्यांची नावं. ही नावं त्याची बायको, वैशालीवहिनी, घरी बसून टाइप करून द्यायच्या, कारण त्या मराठीच्या शिक्षिका आणि मिलिंदचं ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे आनंदीआनंद. मग मास्क, म्हणजे काळ्या कागदाला भोक पाडून ठेवावं तसा. भोकातून दिसेल तेवढंच दिसणार. प्रत्येक काचेपुढे एक छोटा डोळा. डोळा उघडा की काच दिसते, मिटला की गायब. शिवाय एक पट्टी, ती खाली ओढली की काच फिकी होत होत नाहीशी.

आणि सगळ्यात वर एक काच अशी, जिच्यात काहीच नाही. मी विचारलं, "ही रिकामी का ठेवलीयस?" तो म्हणाला, "इफेक्टची आहे. हिला स्वतःचं चित्र नसतं. खालच्या सगळ्यांना बदलते." मी त्या क्षणी तिचं नाव 'चुगलखोर' ठेवलं. स्वतः तोंड दाखवायचं नाही आणि दुसऱ्यांची तोंडं बदलायची, अशी माणसं आमच्या सोसायटीच्या कमिटीत तीन आहेत.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूने सदऱ्यावर आलं. डावा गाल झोपला होता. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, होईल बरं. मी फुगे फुगवले, शिट्ट्या मारल्या, आरशापुढे बसून अ आ इ ई केलं. आमच्या मजल्यावरच्या लोकांना वाटलं, शेजारी बालवाडी निघाली. दीड महिन्यात मी ठणठणीत. आरशात पाहिलं तर दोन्ही गाल एकमेकांना ओळख देत होते. अ आ इ ई बंद केलं, फुगे पुतणीला देऊन टाकले आणि थेट माइक धरला. पहिल्याच शोच्या आधी मिलिंदला विचारलं, "काय रे, कसा वाटतो?" त्याने बराच वेळ पाहिलं. "बरा दिसतोयस," म्हणाला.

त्याच शोपासून माझा संशय सुरू झाला. मी गप्प उभा असलो, की पडद्यावर मी स्वच्छ. बोलायला लागलो, की डावीकडून सोनेरी धुकं. विनोद केला, की बरोब्बर माझ्या डाव्या गालावरून गुलाबाच्या पाकळ्या ओघळायच्या. हसलो तर पडद्यावर एकदम नवरानवरी! आणि कॅमेरा कायम उजवीकडून. एक शो, दोन शो, मी म्हटलं योगायोग असेल. मग मी पुरावे जमवायला लागलो. लोकांनी मोबाइलवर काढलेले पडद्याचे व्हिडिओ मागवायचो (स्टेजवरचा मी त्यांत अंगठ्याएवढा), रात्र रात्र थांबवून थांबवून पाहायचो. बायको म्हणाली, "अहो, परक्यांच्या हळदी कसल्या बघताय?" मी म्हटलं, "हळद नाही, पाकळ्या मोजतोय." मिलिंदला तोंडावर विचारलं, "ही फुलं माझ्याच गालावर का पडतात रे? सबंध पडदा मोकळा आहे." तो म्हणाला, "लूप आहे. पडतात."

अठरा वर्षं जुन्या मित्राला चोर ठरवायला फार वेळ लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. एक धागा सापडला की बाकीचे आपोआप विणले जातात. त्याच सुमाराला ठाण्याची एक नवी मुलगी निवेदन करायला लागलेली, प्राजक्ता. तिचे पडदेही मिलिंदकडेच. मी मुद्दाम मागच्या खुर्चीत बसून तिचा एक शो पाहिला. धुकं नाही, पाकळी नाही, कॅमेरा समोरून, दातांमधली फट दिसेपर्यंत स्वच्छ. झालं! मी मनात खटला चालवला आणि निकालही दिला: याला माझ्या जागी ही पोरगी आणायचीय, म्हणून मला हळूहळू पुसतोय. पट्टी एकदम खाली ओढली तर लोक बोंब मारतील, म्हणून थोडी थोडी.

संशय आणखी पक्का झाला तो चौदा एप्रिलच्या जयंतीला. त्याच्या वस्तीतल्या कार्यक्रमाचा पडदा तो दरवर्षी स्वतः लावायचा. स्टेजवर चार-पाच म्हाताऱ्या गाणी म्हणत होत्या. आणि मिलिंदने काय करावं? खालची ढगांची काच बंद, अक्षरं बंद, इफेक्ट बंद, सगळे डोळे मिटलेले. फक्त कॅमेरा. एकेका आजीचा चेहरा पंधरा फूट उंच. त्या सुरकुत्यांमधून रिक्षा गेली असती. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन म्हटलं, "यांना असं उघडं दाखवतोस, आणि मला झाकतोस?" त्याने पडद्यावरून नजर न हलवता सांगितलं, "त्यांनी सांगितलं, आहोत तसंच दाखव म्हणून." मला वाटलं, वा, काय उत्तर शोधलंय.

म्हणून त्या शेवटच्या रिसेप्शनच्या आधी, स्टेजची चाचणी चालू असताना, मी त्याच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून सांगितलं, "आज एकही खेळ नको. धुकं नको, फुलं नको, मी आहे तसा दाखव. माझी शपथ आहे तुला." मिलिंदने हेडफोन काढून गळ्यात ठेवला. "नक्की?" "नक्की." "नंदू, विचार कर." "अरे विचार काय करायचाय त्यात? माझंच तोंड आहे ना?" तो मान हलवून लॅपटॉपकडे वळला. आणि तासाभराने मी स्टेजवर उभा राहून पाहुण्यांसमोर ओरडत होतो... मला वाटलं, शपथ घातली तर याने सूड उगवला. आता झाकत नाही, तर वाकडं करतोय.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मानपाड्याच्या विहाराच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. निवेदन मी करावं अशी वहिनींची इच्छा. एक लहान पडदा लावलेला, त्यावर मिलिंदचे फोटो आणि बोलणाऱ्यांचे चेहरे दाखवायचे. पडदा कोण चालवणार? वहिनी म्हणाल्या, "मी चालवीन. अठरा वर्षं नावं भरलीत त्याच्यात, मला येतं." दुपारी मी लवकर गेलो. का, तर पडदा लावायला मदत म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तो लॅपटॉप बघायचा होता. मेलेल्या मित्राच्या घरी सांत्वनाला जाऊन झडती घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर माझा फोटो शेजारी छापलाच असेल.

वहिनींनी शेवटची फाइल उघडली, रिसेप्शनची. डावीकडे काचांची रांग. मी चष्मा चढवून खालून वर वाचत गेलो. ढग. कॅमेरा. नावं. मास्क. पाकळ्या. आणि सगळ्यात वर, इफेक्टच्या जागी: नंदू.

"सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की खुर्च्या मांडणारे दोघं धावत आले. "बघा वहिनी! माझ्या नावाचा लेअर! पाच वर्षं विचारतोय मी, आणि हा लूप आहे, लूप आहे म्हणत होता!" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हो, तुमचाच आहे तो." मी म्हटलं, "यानेच त्या दिवशी तोंड वाकडं केलं माझं." त्या म्हणाल्या, "भावजी, त्याचा डोळा बघा."

डोळा मिटलेला होता. त्याच्या खालचा पाकळ्यांचाही. मिलिंदने शब्द पाळला होता. त्या संध्याकाळी माझ्यावर काहीच लावलेलं नव्हतं.

मला पटेना. मी म्हटलं, माझ्यासमोर करून दाखवा. कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो. वहिनींनी डोळा उघडला. मी बोललो, "नमस्कार मंडळी." पडद्यावर डावीकडून सोनेरी सावली आली, चेहरा गोल, गुळगुळीत, एखाद्या मंत्र्याच्या फलकावर असावा तसा. "आता मिटा." त्यांनी मिटला. "नमस्कार मंडळी." तोंड उजवीकडे गेलं. डावा कोपरा जागेवरच लोंबत राहिला, डावा डोळा बारीक झाला. मी गप्प बसलो, तर सगळं पुन्हा सरळ. आरशापुढे दाढी करताना मी गप्प असतो. आयुष्यात मी गप्प असतो ती तेवढीच दहा मिनिटं, आणि नेमकं तेवढंच मी स्वतःला बघत आलो. "कॅमेऱ्यात काही गडबड असेल," मी म्हटलं. खुर्च्या मांडणारे दोघं एकदम खुर्च्या मांडायला लागले.

मग मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बायको फोटो काढताना "जरा गप्प उभे राहा हो" म्हणते, ते का? प्राजक्ता माझ्याशी बोलताना कायम माझ्या उजवीकडे येऊन उभी राहते, ते का? ठाणे ते कल्याण, अख्ख्या मुलखाला माहीत होतं. पाच वर्षं हजारो लोक कटात सामील, आणि म्होरक्या तो, एक वाक्य धड न बोलणारा माणूस. वहिनींनी जुन्या फाइली उघडून दाखवल्या. प्रत्येकीत तो लेअर होता आणि प्रत्येक जागेच्या उजेडाप्रमाणे नव्याने बनवलेला. "एका शोला अर्धा तास जायचा ह्यांचा तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, सांगून टाका. तर म्हणायचे, त्याने बोलणं सोडलं तर?" ...मी काही बोललो नाही. तोंड सरळ राहावं म्हणून नव्हे.

अजूनही एक शंका जात नाही. त्या संध्याकाळी मी ओरडल्यावर तो "बघतो" म्हणाला. एका क्लिकने डोळा उघडता आला असता त्याला, माझं तोंड पुन्हा गोंडस झालं असतं, आणि मी गाळ्यावर जाऊन माफी नाही पण चहा तरी मागितला असता. त्याने उघडला नाही. शपथेला जागला, की पाच वर्षांनी कंटाळला? की आता मी स्वतःला पाहावं असं त्याला वाटलं? हे विचारायला माणूस राहिला नाही, आणि लॅपटॉपमध्ये याची फाइल नाही. मी शोधली.

संध्याकाळी हॉल भरला. वंदना झाली. मी वहिनींना सांगितलं, डोळा मिटलेलाच ठेवा. मग मी उभा राहिलो आणि मिलिंदवर वीस मिनिटं बोललो. पापडाचं सांगितलं, मुलुंडला येणाऱ्या क्रियापदाचं सांगितलं, लोक हसले, मीही हसलो. एकदाही मागे वळून पडद्याकडे पाहिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर माणसं पांगली. वहिनी केबल कोपरापासून तळहातापर्यंत गुंडाळत होत्या, मिलिंद गुंडाळायचा तशी. मी जवळ जाऊन विचारलं, "वहिनी, खरं सांगा. कसा दिसत होतो?"

"वाकडे," त्या म्हणाल्या.