धोंड्याच्या महिन्यातले टायर

आमची मोटारसायकल लष्करातून आली होती. नगरच्या कॅम्पात जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यात ह्यांनी ती घेतली. हिरवा रंग खरवडून काळा दिला, तरी इंजिनाच्या खाली हिरवे ओघळ राहिलेच. गाडी दांडगी, सीट ऐसपैस, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं दोन्हीकडे पसरलेलं. आवाज असा, की बेलापूरच्या वेशीवर ती आली की मी घरात चहाचं आधण ठेवायची. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते आणि गाडीवर त्यांचा माझ्याइतकाच जीव होता. माझ्याइतका म्हणजे, मी तसं समजून घेत होते.

दिवाळसणाला त्याच गाडीवरून आम्ही माझ्या माहेरी गेलो. माहेर मिरजगावच्या पुढं, सडकेपासून आत. वडील मी लहान असतानाच गेले होते, घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा. हे स्थळ त्यांच्या मनातलं नव्हतं. ज्याला शेत नाही त्याला पोरगी कसली द्यायची, असं त्यांचं म्हणणं. पण आईनं पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही आणि लग्न लावून दिलं. तेव्हापासून चुलते जावयात खोट शोधायला टपलेले.

त्यांनी गाडीभोवती बैल पारखावा तशी एक फेरी मारली. मग चार माणसांत म्हणाले, "पाव्हनं, गाडी लई दांडगी हाय तुमची. पन चाकं का अशी खंगल्यावानी? आमच्या शेरडाचं पायबी ह्याहून भरल्यालं हाईत."

सगळे हसले. हेही हसले. पण परतीच्या वाटेवर जिथं थांबलो तिथं उतरून चाकांकडेच बघत राहिले. मला मात्र रडू आलं होतं. माझ्या माणसाला माझ्याच घरात कोणी हसावं, याची लाज फार वाईट असते. ती सासरी सांगता येत नाही आणि माहेरी दाखवता येत नाही.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाला पोशाख करायचा, ही रीत. आईचा निरोप आला आणि ह्यांच्या डोक्यात पहिला विचार आला तो टायरचा. टायर झिजून गोटा झालेच होते, बदलायला हवे होते, हे खरं. पण बदलायचे ते रुंदच, हे त्यांनी शेरडाच्या पायावरून ठरवलेलं होतं.

आम्ही दोघं नगरला गेलो. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. टायरवर आकडा असतो, तो आकडा सांगायचा, दुकानदार टायर देतो. कसलं काय! ह्यांनी दुकानातले सगळे टायर फरशीवर लोळवले. अंगठ्यानं दाबून बघितले, नक्षीत नख घालून बघितलं, एक तर चक्क हुंगला. लग्नाचा शालू निवडताना ह्यांच्याकडच्या बायकांनी एवढा वेळ घेतला नव्हता. मी रबराच्या वासात घाम पुसत बसले होते.

"हा बसणार नाही," दुकानदार एका भरदार टायरकडे बोट दाखवून म्हणाला. "चेनकव्हरला घासेल."

"घासेल," हे म्हणाले. त्यांना ते ठाऊकच होतं, फिटर होते ते. मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी चिमट्यात आणि चाकात किती बोटं मावतात हे त्यांनी घरीच बघून ठेवलं होतं. "पण बघ की कसा दिसतोय!"

हे मला उद्देशून होतं. मी म्हटलं, "हत्तीचा पाय दिसतोय." ह्यांचा चेहरा असा खुलला, की पुढं काही बोलायची सोय राहिली नाही.

टायर बसवायला चेनकव्हर काढावं लागलं. त्याबरोबर डाव्या बाजूची लोखंडी जाळीही गेली. ती जाळी लग्नानंतर ह्यांनी स्वतः वर्कशॉपात बनवली होती, माझं पातळ चाकात जाऊ नये म्हणून. "परत आलो की वाकवून बसवतो," असं म्हणून ह्यांनी ती पलंगाखाली सरकवली. "तोवर पदर नि निऱ्या सांभाळून बस."

जाण्याच्या दिवशी ह्यांनी लग्नातला गुलाबी फेटा बांधला. एरवी टोपी, पण सासुरवाडीला फेटाच हवा. मीही नवं जांभळं पातळ नेसले. गाडी खरंच रुबाबदार दिसत होती. खोटं कशाला बोलू, चुलत्यांचं तोंड कसं होईल ते मनात आणून मलाही गुदगुल्या होत होत्या. नगर मागं पडलं, सडक मोकळी मिळाली, निऱ्या मी मुठीत घट्ट धरून बसले होते.

मिरजगावात बाजार होता. सडकेवरच माणसं, बैल, कलिंगडांचे ढीग. ह्यांनी वेग कमी केला. समोरून एक बैल उधळत आला म्हणून मी घाबरून ह्यांचा खांदा धरला. दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओढावं तसा हिसका बसला आणि मी सीटवरून खाली आले.

लागलं फारसं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं. पातळ चेनमध्ये गेलं होतं. निऱ्या सुटल्या, कमरेचा वेढा सुटला, पदर चाकात, आणि मी भर बाजारात परकर-झंपरावर, हातात पातळाचं एक टोक धरून वाकलेली. टोक सोडावं तर उघडी, धरावं तर गाडीला बांधलेली. ह्यांनी चाक मागं फिरवून बघितलं, तर ते आणखी आवळलं. रुंद टायर आणि चेन यांच्यात कापडाचा बोळा असा गच्च बसला होता, की हलेना.

बघ्यांना काय, बाजाराचा दिवस. हॉटेलातली माणसं कपबशी हातात घेऊन बाहेर आली. मी डोळे मिटून घेतले. आपण डोळे मिटले की लोकांना आपण दिसत नाही, असं तेव्हा मला खरोखर वाटलं.

मग एक आवाज कानावर आला. "आरं मुडद्यांनो, तिकडं तोंडं करा की! घरी आया-भैनी न्हाईत व्हय?" वांगी विकणारी एक म्हातारी ओरडत होती. भाजीवाल्या बायका उठल्या, आपापले पदर हातभर पुढं धरून माझ्याभोवती उभ्या राहिल्या. कोणीतरी कलिंगडाच्या सुरीनं पातळ कापलं. माझ्या हातात जेमतेम पंच्याएवढा तुकडा उरला, तोही वंगणानं काळा.

बायकांच्या त्या कुंपणावरून गुलाबी कापडाचं एक टोक आत आलं. मग आणखी आलं, येतच राहिलं. हे आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि डोक्यावरचा फेटा उलगडून मागं सोडत होते.

म्हातारीनं तो फेटा मला परकरावर गुंडाळला, उरलेला खांद्यावर टाकला. "झाली बग पाटलीन," ती म्हणाली. बायका हसल्या. मी हसले नाही.

कडी तुटलेली चेन काढून ह्यांनी बोळा उपसला तेव्हा कुठं चाक फिरलं, पण गाडी चालू होण्यासारखी नव्हती आणि असती तरी मी बसले नसते. माहेरपर्यंत आम्ही चालत निघालो. मी पुढं, हे मागून गाडी ढकलत. वैशाखाचं ऊन थेट त्यांच्या उघड्या डोक्यावर. बराच वेळ मी मागं बघितलं नाही. राग एवढा आला होता, की वळून म्हटलं, "चाकं मात्र छान आहेत हो. ढकलायला अगदी भरदार."

"व्हय," एवढंच म्हणाले ते.

आमच्या भागात माणूस बोडक्या डोक्यानं दारात आला, की आधी रडायचं आणि मग विचारायचं. आईनं लांबून जावयाचं उघडं डोकं पाहिलं, मी पायी येताना पाहिलं, आणि उंबऱ्यातच गळा काढला. "कोन गेलं गं बाई माझे?" कोणी गेलं नाही हे तिला पटवता पटवता गल्ली गोळा झाली, आणि माझ्या अंगावर पातळ नाही, फेटा आहे, हे सगळ्यांनी बघून घेतलं. धरणी दुभंगावी म्हणतात ना, ते मी अगदी मनापासून म्हटलं.

आईनं मला आत नेऊन तिचं लुगडं नेसवलं. तिकडे ओसरीवर पंगत मांडली होती. चुलते पाटावर बसले होते, त्यांच्या शेजारी दोन चुलतभाऊ. जावयाच्या पाटासमोर पोशाख ठेवलेला, त्यावर नवा कोरा फेटा. मी दाराआड उभी होते. आता चुलते काय बोलतील, इकडेच माझा कान होता.

"पाव्हनं," चुलते म्हणाले, "फेटा बांधून घ्या. उघड्या डोक्यानं धोंडं खात न्हाईत."

"नको, मामा." हे उभेच होते. "जाळी होती गाडीला. ती मीच काढली. तुमी चाकांना हसला, म्हनून मला रुंद टायर पायजे हुतं. माझ्या मिजाशीपायी तिची अब्रू बाजारात गेली. आज मला फेटा नको. लाज माझी हाय, ती माझ्या डोक्यावर दिसू द्या."

एवढं ते कधी बोलत नसत. दाराआड माझे डोळे भरून आले. वाटभर ज्याचा राग धरून मी चालत आले, तो माणूस माझ्या लाजेचं ओझं चार माणसांत मागून घेत होता, आणि मला आता वाटेतल्या माझ्या टोमण्याचीच लाज वाटली.

चुलत्यांनी एकदा अंगणातल्या गाडीच्या चाकांकडे बघितलं. शेरडाचे पाय त्यांना आठवले असावेत. मग त्यांनी हात वर नेला, स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उचलला आणि पाटाशेजारी ठेवला. "बसा," म्हणाले. ते बघून चुलतभावांनीही टोप्या काढल्या. चौघं बोडक्या डोक्यानं पुरणाचे धोंडे खाऊ लागले. मी तूप वाढायला बाहेर आले.

तेवढ्यात शेजारची काकू विस्तव मागायला म्हणून अंगणात आली. ओसरीवर चार उघडी डोकी बघून जागीच थबकली, तोंडाला पदर लावला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं वो?"

चुलत्यांनी घास गिळला. "गेलं न्हाई कुनी," ते म्हणाले. "जावई आलाय आमचा."