सूटवाल्यांची रांग

कल्पना करा, तुम्ही पहिल्यांदा जहाजावर चढताय. जहाज तुमच्या डोक्यावर सात मजले उंच उभं आहे. तुमच्या मोठ्या बॅगा दारातच कुणीतरी चिठ्ठी बांधून ओढून नेल्या आहेत आणि त्या परत कधी दिसतील हे कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या खांद्याला एक पर्स आहे. तिच्यात दोन तिकिटं, दोन मतदार ओळखपत्रं, एक मोबाईल आणि रक्तदाबाच्या गोळ्या. बरोबरचं माणूस म्हणतं, ‘तू हो पुढे, मी येतो.’ तुम्ही पुढे व्हाल का?

जयवंतीकाकू झाल्या. त्याची भीती त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाही.

जयवंती चुरी म्हणजे वसईतल्या पापडीजवळच्या केळीच्या वाडीतल्या काकू. आमची बिल्डिंग त्यांच्या वाडीला लागून आहे. त्यांच्या विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की मी दुरुस्त करायला जातो. मी मोटर उघडून बसलो की त्या केळीचे घड तपासत बोलत राहतात. जहाजाची गोष्ट मी अशीच तुकड्यातुकड्यांनी ऐकली. पण ती कळायला आधी विहीर कळायला हवी.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे नळाला दोन दोन दिवस पाणी यायचं नाही. टँकर आला तर आला. तेव्हा चुरींच्या विहिरीचं गोडं पाणी आसपासच्या चार बिल्डिंगांना मिळायचं, कारण जगन्नाथकाकांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. अट एकच. रांग. काका खुर्ची टाकून विहिरीपाशी बसायचे आणि कुणालाही पुढे जाऊ द्यायचे नाहीत. पोलीस हवालदाराची बायको असो की नगरसेवकाचा मेहुणा, कळशी शेवटी ठेवायची. शाळेत असताना मीही त्या रांगेत उभा राहिलो आहे.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात काकूंच्या घरी भाचीचं बारसं होतं. माणसं जेवायला बसलेली आणि पिंपात पाणी नाही. काकू दोन हंडे घेऊन विहिरीवर आल्या.

‘अहो, दोनच भरते.’

‘भर की. आठ जण आहेत पुढे.’

‘विहीर आपली आहे!’

‘म्हणूनच,’ काका म्हणाले.

काकू स्वतःच्या विहिरीवर नवव्या उभ्या राहिल्या. भावजय दारातून बघत होती. ते त्या कधी विसरल्या नाहीत.

दोन हजार सहा साली त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलगी विनिता अंधेरीला एका प्रवास कंपनीत होती. तिथे कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांसाठी स्वस्तात जागा मिळाली. मुंबईहून गोवा, दोन रात्री, तेही सूटमध्ये. सूट म्हणजे झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी, समुद्राकडे गॅलरी आणि दिमतीला एक माणूस. काकूंना गॅलरीचंच भय वाटलं. समुद्रापासून दोन मैलांवर जन्म गेला, पण किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेपलीकडे जाऊन त्या पायसुद्धा बुडवायच्या नाहीत.

विनिताने मोठ्या अक्षरांत सूचना लिहून दिल्या होत्या. त्या काकूंना आजही पाठ आहेत. औषधं हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको. बॅगेची चिठ्ठी तोडू नका, बॅग संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येते. सूटवाल्यांची रांग वेगळी असते, तिथेच उभे राहा. सगळे कागद आईकडे, बाबांकडे काहीही देऊ नका, ते हरवतात. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून, पाच वाजता जिना वर घेतात, त्यानंतर कुणासाठीही थांबत नाहीत.

बंदरावर सूटवाल्यांच्या वाटेवर लाल गालिचा होता, दोरी होती आणि तिथे फक्त एक जोडपं उभं होतं. पलीकडे साध्या खोल्यांच्या प्रवाशांची रांग मात्र हॉलभर तीनदा वळली होती. माणसं बॅगांवर बसली होती, पोरं रडत होती. काका गालिच्याच्या कडेला थांबले.

‘हे बरोबर नाही,’ ते म्हणाले.

‘काय बरोबर नाही? पैसे भरलेत.’

‘पैसे भरले म्हणून काय झालं? ती माणसं सकाळपासून उभी आहेत. तुझे गुडघे दुखतात, तू हो पुढे. मी रांगेतनं येतो.’

‘अहो, लोक हसतील.’

‘हसू देत.’ आणि काका रांगेचं टोक शोधत निघालेसुद्धा.

काकूंना वाटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. टेबलावरच्या मुलीने त्यांचा फोटो काढला, गळ्यात अडकवायला कार्ड दिलं, हसून जिन्याकडे बोट दाखवलं. दहा मिनिटांत त्या सातव्या मजल्यावर खोलीत होत्या.

खोली बघून त्या दारातच उभ्या राहिल्या. फुलं, टॉवेलचा केलेला हंस, फळांची टोपली. टोपलीतली केळी त्यांनी सवयीने दाबून पाहिली. पावडर मारून पिकवलेली, आत दगड. त्यांना जरा बरं वाटलं. मग दुपारची गोळी घ्यायला पर्स उघडली आणि हाताला दोन ओळखपत्रं लागली.

दोन. काकांचं तिकीटही तिथेच. मोबाईलही एकच, तो पर्समध्ये.

अडीच वाजले होते.

‘दोन्ही ओळखपत्रं पलंगावर ठेवून परत मोजली,’ काकू मला सांगतात. ‘ते टेबलापर्यंत पोचणार आणि दाखवायला हातात काही नाही. स्वतःचं नाव सांगतील. नाव सांगून कोण सोडतो?’

सूटच्या दिमतीला असलेला माणूस आला तेव्हा काकू गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. पन्नाशीचा, कानशिलावर पांढरे केस, काळा कोट. तो इंग्रजीत काही बोलला. काकूंच्या तोंडून फक्त ‘आमचे हे खाली राहिले’ एवढंच आलं, तेही गावच्या बोलीत. तो चपापला.

‘काकी, वसईच्या का?’

‘पापडीच्या.’

‘मी तिथल्याच सांडोरचा. ॲन्सेल्म.’

काकूंना रडूच आलं. सगळं ऐकून ॲन्सेल्मने लगेच खाली हॉलमध्ये फोन लावला. उत्तर आलं, चुरी नावाचं कुणी अजून टेबलापर्यंत आलेलं नाही. साडेतीनला पुन्हा लावला. तेच. चार वाजता पुन्हा. रांग संपत आली आहे, पण चुरी नाहीत.

‘रांगेतच असतील, काकी. घाबरू नका.’

‘दोन तास? बाबा, रांग संपत आली म्हणतायत ना? मग हे कुठायत? चक्कर आली असेल. घरी परत गेले असतील. खिशात पैसेसुद्धा नाहीत त्यांच्या.’

गॅलरीच्या दारातून खाली धक्का दिसत होता. जहाज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत काळं पाणी वरखाली होत होतं. काकू म्हणतात, ‘मला वाटत होतं, ही फट आत्ता रुंद होणार. हे त्या बाजूला, मी ह्या बाजूला, आणि हाक मारायला गेले तर आवाज पोचणार नाही.’ दोरखंडांपाशी माणसं जमायला लागली तेव्हा त्या ॲन्सेल्मकडे वळल्या.

‘मला खाली जाता येतं का?’

ॲन्सेल्म घड्याळ बघून म्हणाला, ‘येतं. पण परत चढताना पुन्हा तपासणी होते. पावणेपाचच्या आत आला नाहीत तर तुम्हीही राहाल, काकी. बॅगा गोव्याला जातील.’

‘जाऊ देत बॅगा.’

जिन्यात पर्स छातीशी धरून त्या उतरल्या. वर येणारी माणसं बाजूला होत होती. समुद्राच्या वर, हलत्या जिन्यावर, एकट्या. ॲन्सेल्म दोन पायऱ्या पुढे होता. काकूंनी एकदाही खाली पाहिलं नाही.

हॉलमध्ये आता पंधरा-वीस माणसं उरली होती. सर्वांत शेवटी जगन्नाथकाका. खांद्यावर कुणाच्यातरी बाळाची झबली-दुपट्यांची पिशवी.

‘अहो!’

‘अगं, तू खाली कशाला आलीस?’

‘दोन तास झाले! इथेच उभे?’

‘पुढे होतो गं. मागे एक बाई होती लेकरू घेऊन, तिला पुढे घेतलं. मग दोघं म्हातारे नवराबायको होते...’

‘म्हातारे? आणि तुम्ही कोण? नवरदेव?’

रांगेतलं कुणीतरी हसलं. काकूंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पर्समधून ओळखपत्र काढून नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. काकांनी खिसा चाचपला आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. पण पाय हलले नाहीत.

‘बारा-पंधरा जण तर आहेत,’ ते पुटपुटले. ‘होईल माझं.’

काकूंना बोलायचं होतं. विहीर, नववा नंबर, भावजय, काळं पाणी, सगळं एकदम. हात असे थरथरायला लागले की पर्स सुटली. ओळखपत्रं, मोबाईल, गोळ्यांची पाकिटं फरशीवर पसरली. एक बाटली फुटून पांढऱ्या गोळ्या थेट गालिच्यापर्यंत घरंगळत गेल्या.

नेमकं त्याच वेळी दोरीपाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला ॲन्सेल्मने काहीतरी सांगितलं. अधिकाऱ्याने दोरी वर उचलली.

‘सर, सूट पॅसेंजर? आता इकडूनच या. प्लीज. वेळ नाही.’

काका रांगेतून बाहेर आले. वाकले. गोळ्या एकेक करून वेचत, वाकलेलेच, गालिच्यावर आले आणि दोरीखालून पलीकडे गेले. पलीकडे सरळ उभे राहून त्यांनी रांगेकडे वळून हात जोडले, ‘माफ करा हं.’ मग काकूंचा हात धरला आणि जहाजात जाईपर्यंत सोडला नाही.

पाच वाजता जिना वर गेला. रांगेतलं कुणीच मागे राहिलं नव्हतं, सगळे चढले होते. दोन्ही बॅगा खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. गोव्याबद्दल विचारलं तर काकूंना फारसं काही आठवत नाही. गॅलरीत त्या दोन दिवसांत एकदाही गेल्या नाहीत.

परवा मी मोटर बसवत होतो तेव्हा काका ओट्यावर विड्याची पानं निवडत होते. काकू माझ्या हातात चहा देऊन तिथेच उभ्या राहिल्या.

‘याच्यासमोर सांगा आता. तीन वर्षं विचारतेय.’

‘जहाजावरची केळी काय कडक होती रे,’ काका मला म्हणाले.

‘केळी राहू देत. दोरी उचलली आणि पर्स पडली, दोन्ही एकदमच झालं. तुम्ही रांग सोडलीत ती माझे हात थरथरले म्हणून, की त्या साहेबाने सांगितलं म्हणून?’