भुजंग मास्तरांची रद्द झालेली पृथ्वी

मला सहावीत नापास करणाऱ्या माणसाबद्दल मी गोड लिहावं, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण भुजंग मास्तरांइतका गोंधळलेला आणि तितकाच सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांच्याविषयी बोलायला लागलं की रागाच्या आधी हसू येतं, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

मास्तर आमच्या बोरीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण परभणीला झालं, तेही उर्दूतून. निजामाच्या अमलात तसंच होतं, घरात मराठी आणि शाळेत उर्दू. त्यामुळे भूगोलाला ते जन्मभर जुगराफिया म्हणत राहिले. धोतर, काळी टोपी आणि काखेत पाठ फाटलेली एक उर्दू किताब, असा त्यांचा थाट. त्या किताबीतलं ते मनातल्या मनात मराठी करून आम्हाला सांगायचे. मधेच एखादा शब्द अडला की खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, आणि आम्हीही खिडकीबाहेर बघायचो.

मी चौथीत असताना त्यांनी पृथ्वीचा जन्म शिकवला. सगळा वर्ग आमच्या खळ्यावर नेला. माझे वडील रामकिशन तेव्हा ज्वारीची मळणी करत होते. मधल्या तिवड्याला, म्हणजे खांबाला, बांधलेले बैल गोल फिरत होते आणि भुसा उडत होता. मास्तर म्हणाले, "सुरुवातीला असाच धुळीचा आन वायूचा ढग व्हता. फिरायलाच व्हता. मधी जे लय जमलं त्याचा सूर्य झाला. भवतीनं जे उरलं त्याचे गोळे झाले. त्यातल्याच एका गोळ्यावर आपुन हाव." बैलांनासुद्धा पटावं इतक्या सावकाश ते बोलले. मला तो ढग फार आवडला. पुढे कितीतरी दिवस मी धूळ दिसली की तिच्याकडे आदराने बघायची.

घोटाळा झाला तो पुढे. आमच्या भागातल्या माणसांचं अठ्ठेचाळीसनंतरच्या दहा वर्षांत काय काय बदललं, ते आज सांगून खरं वाटणार नाही. निजामाचं राज्य गेलं. त्याचा हाली रुपया गेला. सारा मोजायचं फसली साल गेलं. शाळेतली उर्दू गेली. छप्पन साली आम्ही हैदराबाद राज्याचे मुंबई राज्याचे झालो. मग आणे गेले आणि नवे पैसे आले. प्रत्येक वेळी शाळेत एक कागद यायचा, की अमुक तारखेपासून जुनं मनसूख, म्हणजे रद्द, नवं चालू. मास्तरांनी प्रत्येक कागद इमानाने पाळला. त्यामुळे सत्तावन साली भूगोलाचं नवं पुस्तक आलं आणि त्यात ढगाचं नावही नव्हतं, तेव्हा त्यांनी तोही तसलाच कागद समजला. नव्या पुस्तकात लिहिलं होतं, की एक परका तारा सूर्याच्या जवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्याचा लांबट तुकडा बाहेर आला आणि त्याचे भाग होऊन ग्रह झाले. मास्तर पुस्तक घेऊन हेडमास्तर बन्सीधररावांकडे गेले आणि त्यांनी विचारलं, "जुनी पृथ्वी किती तारखेपर्यंत चालंल?"

हेडमास्तर पगारपत्रकं लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "नव्या पुस्तकापरमानं चाला."

मास्तरांनी वर्गात येऊन ढग मनसूख झाल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी मी वर्गात नव्हते. कापूस वेचणीला आई मला पंधरा दिवस घरी ठेवायची. परत आल्यावर मला कुणी काही सांगितलं नाही. पृथ्वी रद्द झाल्याची बातमी कोण कुणाला सांगतं?

सहावीच्या परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न आला, पृथ्वी कशी तयार झाली. मी खुशीत दोन पानं लिहिली. मास्तरांनी तांबड्या शाईने खाली लिहिलं, 'उत्तर जुने आहे', आणि शून्य दिलं. भूगोलात मी चार मार्कांनी गेले.

चार मार्क म्हणजे माझी शाळा. वडिलांनी पाडव्यालाच सांगितलं होतं, "पास झालीस तं सातवी. न्हाई झालीस तं देवगाव फाट्याचं स्थळ." ते वाईट नव्हते. गावात सहावीपर्यंत पोचलेल्या मुली आम्ही तिघीच होतो आणि लोक वडिलांना रोज विचारायचे, पोरीला शिकवून काय करता. त्यांना लोकांच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं होतं, आणि मी नापास होऊन आले. देवगाव फाट्याची माणसं येऊन बघून गेली. येत्या शुक्रवारी सुपारी फुटायची ठरली. मी आईच्या मागे लागून रडले. आई म्हणाली, "मास्तरानं शून्य देलं, त्याला आमी काय करावं?"

याच सुमाराला मास्तर परभणीला शिक्षकांच्या शिबिराला गेले होते. तिथे एका व्याख्यात्याने सांगितलं, की परक्या ताऱ्याची गोष्ट आता विद्वानांनी सोडून दिली आहे. हिशेब जुळत नाही. ते पुन्हा ढगाकडे वळलेत. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धूळ आणि वायू फिरत असतात, कणाला कण चिकटतो आणि त्यातूनच ग्रह होत असावेत. आकाशात आजही कुठे कुठे हेच चाललेलं असेल. मास्तर भर सभेत उठून म्हणाले, "साहेब, मंग आता चालू कोनती हाय?"

सगळे हसले. व्याख्याते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, हे हुकमाने चालू-बंद होत नाही. ज्याचा पुरावा टिकेल ते खरं."

हे मास्तरांनी स्वतःच नंतर सांगितलं, आमच्या अंगणात उभं राहून. शिबिर अर्ध्यात टाकून ते सकाळच्या मोटारीने आले होते. आधी शाळेत गेले, माझा पेपर काढला, शून्याचे दहा केले, हेडमास्तरांची सही घेतली आणि तडक आमच्याकडे. गुरुवार होता. टोपी हातात, डोक्याला घाम. "रामकिशन, पोरगी पास हाय. चूक माजी हाय."

वडिलांना काही उमगेना. मास्तरांनी पेपर उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी लिहिलं होतं, की आमच्या कापसाच्या खोलीत आठ दिवस झाडू फिरवला नाही तर उडालेले तंतू एकमेकांना धरतात आणि कोपऱ्यात गोळे होतात, त्यांना कुणी वळत नाही, ढगातही तसंच झालं असेल. पेपर मिटून मास्तर म्हणाले, "हे मी शिकविलेलं न्हाई. हे तिचं तिनं बघितलेलं हाय. आन मी शून्य देलं."

वडिलांचा चेहरा बदलला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "दैवशाला, च्या टाक," ते आईला म्हणाले. "देवगाववाल्यांना निरोप धाडतो. म्हणावं, पुढल्या साली बघू." आई पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली. मला नाचावंसं वाटत होतं.

आणि त्या आनंदात मी तोंड उघडलं. "गुरुजी, पर कापसाचे गोळे तं हात लावला की सुटतेत. मंग धुळीच्या गोळ्याचा दगड कसा झाला?"

मास्तर दचकले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू मीच त्यांना पास केलं होतं. "मला न्हाई म्हाईत, पोरी! त्या साहेबालाबी हेच इचारलं कुनीतरी. त्यायलाबी न्हाई म्हाईत. अजून कुनालाच न्हाई म्हाईत. दहा सालानं हे समदं पुन्ना बदललंबी आसंल."

वडिलांनी कपात ओतलेला चहा तसाच ठेवला. "म्हंजी मास्तर, काल शून्य, आज धा. दहा सालानं पुन्ना शून्य?"

"होऊ शकतं," मास्तर म्हणाले.

"तुमालाच म्हाईत न्हाई, तुमच्या साहेबाला म्हाईत न्हाई, तं ही शिकून काय शिकंल?"

इथे कुणीही दुसरा मास्तर काहीतरी दडपून बोलला असता. हुकूम आहे म्हणाला असता, सरकारचं नाव घेतलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होते, की बोला, काहीही बोला. पण भुजंग मास्तर त्या प्रश्नावर मनापासून विचार करत उभे राहिले. मग म्हणाले, "तुमचं म्हननंबी खरं हाय."

शुक्रवारी सुपारी फुटली.

कितीतरी वर्षं मी त्यांना शिव्या दिल्या. आयुष्यात एकदा, फक्त एकदा खोटं बोलायचं होतं, तेवढंही या माणसाला जमलं नाही. आणि मग दळता-कांडता कधीतरी मनात यायचं, त्यांना कशाला बोलायचं? मीच चहा होईपर्यंत गप्प बसले असते तर? मग वाटायचं, असं गप्प बसायला शिकायचं होतं तर शाळेत कशाला जायचं होतं. यातलं कोणतं खरं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या गुरुवारी निघताना दारात थांबून मास्तर मला म्हणाले होते, "सवाल लय चांगला हाय." त्याचं काय करायचं, तेही कळलं नाही.

बोरीच्या शाळेच्या रजिस्टरात त्या वर्षी सहावी पास मुलींत माझं नाव आहे, कोकिळा रामकिशन. पुढच्या पानावर सातवीची नावं आहेत. त्यात मी नाही.