पंधरा पानांची पंच्याहत्तरी

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गाढवपणा माझ्या हुशारीतून झालाय! ऑफिसात माझं कामच ते, एआयला माणसांशी सभ्यपणे वागायला शिकवायचं. समोरचा नको म्हणाला की विषय संपला, परत विचारायचं नाही. आहे की नाही संस्कारी?

तर बाबांची पंच्याहत्तरी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कोंबडी-वड्यांचं जेवण. बाबा मूळचे मालवणचे, त्यांची एकच अट: "माझ्या दारातसून माणूस उपाशी जावक नये."

म्हटलं, बाबा, टेन्शन नाय घ्यायचं! माझा बॉट सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण देईल, आकडाही काढेल.

उत्तरं आली. "अरे, कशाला एवढा घाट!" "जेवण वगैरे नको हं, नुसतं भेटून जाऊ." शेजारच्या परबकाकूंचं, "आमचं काय, आम्ही घरचेच!" बॉटने सगळ्यांच्या मताचा मान राखला आणि मला कळवलं, जेवायला बारा जण. मी पंधरा पानांची ऑर्डर दिली. तीन पानं जास्तीची धरली म्हणून स्वतःवरच खूश!

संध्याकाळी किती यावेत? पन्नास! आणि बाबा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगतायत, "जेवल्याशिवाय जावचा नाय हां!" माझी वाट लागली. बाबांकडे बघून खरंच रडू येत होतं.

"काकू, तुम्ही सगळे नको म्हणालात ना?"

"अरे येड्या, पहिल्यांदा विचारल्यावर हो कोण म्हणतं? तू आग्रह कुठे केलास?"

"बॉटला मीच शिकवलंय. नको म्हटल्यावर परत विचारायचं नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला आणि पदर खोचला. मग मजल्यामजल्यावरून भात, पोळ्या, अंड्याचं कालवण, कुणाची मटकीची उसळ खाली आली. पन्नास माणसं पोटभर जेवली. बाबांना वाटलं, पोराने मेनू काय झकास ठेवलाय! मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

सगळे पांगल्यावर काकू वाटी घेऊन आल्या. "दोन वडे उरलेत. तू जेवलास का रे?"

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण सवयीने तोंडातून निघालंच, "नको नको काकू, पोट भरलंय!"

आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो.

"बरं," म्हणत काकूंनी वडा तोंडात टाकला. "आजपासून आम्ही पण सुधारलो!"