प्रशांतचा शेवटचा सेल

आज प्रशांतला जाऊन वर्ष झालं आणि माझा राग काही उतरत नाही.

कोणावर? तेच तर सांगता येत नाही.

धाकटा भाऊ माझा. मुकुटबनच्या शाळेत शिकला, बाहेरदेशी पोस्टडॉक केलं आणि परत येऊन यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. बॅटरीचं मटेरियल हा त्याचा विषय. स्वस्तातल्या सोडियम बॅटरीत चालेल असा कार्बन बनवायचा होता त्याला. आणि कशापासून? पऱ्हाटीपासून! कापूस वेचून झाला की वावरात उभ्या राहतात ना वाळक्या काड्या, त्या.

दर वर्षी गाडीची डिकी भरून न्यायचा.

आई म्हणायची, "पऱ्हाटीच जाळायची होती तं इतकं शिकून कायले आला बापा? चूल काय वाईट होती?"

"तुह्या चुलीत राख होते माय. माह्या भट्टीत हवा जात नाही, तिथं कोळसा होते."

"मंग इस्त्रीवाल्याले इक."

हसता हसता ठसका लागायचा त्याला.

त्या कोळशाचा सेल, म्हणजे छोटीशी बॅटरी, बनवून मशीनवर लावायचा. भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. महिनोन्‌महिने. किती टिकतो ते बघायचं. बहुतेक सगळे लवकरच मान टाकायचे.

एकदा वैतागून विचारलं, "सेल मेला की वाईट नाही वाटत तुले?"

"मेला तं कळते ना ताई, किती जगला ते. मधातच बंद केला तं काहीच कळत नाही. सगळं पाण्यात."

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, यवतमाळ भाजून निघत असताना हा येडा कॉलेजात जाऊन बसायचा. सुट्टी लागली की बिल्डिंगचा मेन स्विच पाडतात. हा असला की पाडत नसत.

मागच्या वर्षी सुट्टी लागायच्या तोंडावर तो नागपूरला दवाखान्यात होता. लिव्हर गेलं होतं.

आणि नेमका तेव्हाच त्याचा एक सेल टिकून राहिला होता. आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

"ताई, हा सेल चांगला निघाला बरं! मेन पाडू देऊ नको फक्त."

मी लगेच कॉलेजात मेन बघणाऱ्यांना फोन केला. "हो मॅडम, काळजी करू नका."

मग रोज एकच. बोलताना धाप लागायची, तरी आधी तेच.

"सुरू आहे?"

"सुरू आहे रे बाबा. पाणी घे."

शेवटच्या सकाळीही विचारलं. मी म्हटलं, सुरू आहे. त्याने मान हलवली.

तेरवीनंतर त्याचं सामान आणायला कॉलेजात गेले. त्याच्यासोबतच्या एका सरांनी खाली मान घालून सांगितलं. ज्यांना मी फोन केला होता ते रजेवर गेले होते. बदलीवरच्या माणसाने सुट्टी लागली तसा रिवाजाप्रमाणे मेन पाडला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याच्यावर चिडू तरी कशी?

म्हणजे मी दवाखान्यात "सुरू आहे, सुरू आहे" म्हणत होते तेव्हा तिथे सगळं बंद होतं.

"पुन्हा सुरू नाही करता येत?"

"इतके दिवस पडून राहिला, खराब झाला ताई."

"किती चालला असता हो?"

"आता नाही कळणार."

इतकी वर्षं घासून उत्तर हाताशी आलं होतं आणि आता ते कोणालाच कळणार नाही.

नातेवाईक म्हणतात, बरं झालं, समाधानाने तरी गेला. असेल. पण मी त्याच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते हो.

म्हणून आज इथे लिहिते.

प्रशांत, सेल बंद होता रे. मला माहीत नव्हतं.

तुझ्या ताईची तुला श्रद्धांजली.